मला जायचं होतं

आमच्या घरात दोन वर्षं 'कॉलेज' म्हटलं की एकच कॉलेज. नाव घ्यायची कुणाला गरजच पडायची नाही. "कॉलेजला मेस आहे ना गं?", "कॉलेजकडे थंडी किती पडते?" असं आजीसुद्धा विचारायची आणि सगळ्यांना कळायचं की हे डिझाइनचं ते कॉलेज, वडोदऱ्याहून रात्रभर ट्रेनने जावं लागतं ते, जिथे आमच्या लेकीला जायचंय. मी इथेही नाव लिहीत नाही. त्यांनी आमचं काही वाईट केलं नाही. त्यांनी नाही म्हटलं, एवढंच.

मे महिन्यातली दुपार होती. रिझल्ट म्हणजे एक पीडीएफ आणि त्यात नुसते रोल नंबर. तिने मोबाइलवर शेवटचे चार आकडे टाकून सर्च केलं, काही आलं नाही. मग पूर्ण नंबर टाकला, तरी नाही. मग बाबांनी लॅपटॉपवर तीच फाइल उघडली आणि स्क्रीनला बोट लावत एक एक नंबर वरून खाली वाचत गेले, पानं तीनच होती, फार वेळ लागला नसेल, पण ती त्यांच्या खांद्यामागे उभी होती आणि मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिसरं पान संपायच्या आधीच ती म्हणाली, "बस, बाबा." आणि आत गेली. दार लावलं नाही, त्यामुळे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसत राहिली. मी काय केलं? स्वयंपाकघरात जाऊन आमरस काढायला बसले. सहा हापूस होते घरात, सहाही काढले. कुणी जेवलं नाही, रात्री फ्रीजमध्ये तो रस काळा पडला.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण, गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला होता, तिच्या मुलाचं असंच झालं, "काय बोलू गं त्याच्याशी?" म्हणून विचारत होती आणि मला पटकन काही सांगता आलं नाही. सांगण्यासारखं खूप आहे, पण ते 'हे कर, ते करू नको' अशा पद्धतीने माझ्या तोंडून निघेना. म्हणून आमच्याकडे काय झालं तेच सांगते.

पहिले दोन दिवस घरात समजूत घालणाऱ्यांची रांग. शेजारच्या बेन ढोकळा घेऊन आल्या, प्रेमाने तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "कंई वांधो नहीं बेटा, भगवान जे करे ए सारा माटे." पुण्याच्या काकूंनी फोनवर मराठीत तेच सांगितलं, देव करतो ते भल्यासाठीच. माणसं चांगली, माया खरी. पण मी त्या दोन दिवसांत लेकीचा चेहरा बघत होते ना, तर प्रत्येक वेळी असं वाटायचं की ती काहीतरी दाखवायला हात पुढे करतेय आणि समोरचा तो हात मुडपून परत तिच्या खिशात घालतोय.

तिचे बाबा बँकेत आहेत, त्यांचा विश्वास आकड्यांवर. त्यांनी रात्री जागून कुठूनतरी एक अभ्यास शोधून काढला, अमेरिकेतल्या स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांचा, २००२ साली छापलेला. त्यांनी सारख्याच हुशारीची मुलं घेतली, काही नावाजलेल्या कॉलेजला गेलेली आणि काही त्याच तोडीची असून दुसरीकडे शिकलेली, पुढे त्यांच्या कमाईत विशेष फरक दिसला नाही. बाबांनी नाश्त्याला हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पगाराचं कोण बोलतंय?" आणि पोह्यांची डिश तशीच ठेवून उठली. (त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की गरीब घरातून आलेल्या मुलांना मात्र नावाजलेल्या कॉलेजचा चांगला फायदा झाला. ते वाचल्यापासून मी 'कॉलेजच्या नावाने काय फरक पडतो' हे वाक्य कुणालाही बोलत नाही. ज्याच्या घरात ओळखीपाळखी नाहीत त्याला पडतो फरक.)

आणि मग आमचे सासरे, म्हणजे तिचे आजोबा. आम्ही दांडिया बाजारातले, इथे अरविंद घोष, म्हणजे पुढचे योगी अरविंद, राहायचे ते घर आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर, आणि आजोबांची ही सगळ्यात लाडकी गोष्ट. १८९० साली आय.सी.एस.च्या लेखी परीक्षेत हा मुलगा अकरावा आला, दोन वर्षं शिकला, आणि शेवटी घोडेस्वारीच्या परीक्षेत नापास, म्हणून इंग्रज सरकारने घेतलं नाही. तेव्हा सयाजीराव महाराज लंडनला होते, त्यांनी त्याला महिना २०० रुपयांवर नोकरी दिली आणि १८९३ साली तो बडोद्याला आला, आधी महसुलाच्या कचेरीत काम केलं, मग बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवलं, मराठी, गुजराती, संस्कृत इथेच शिकला, तेरा वर्षं राहिला, आणि पुढे कोण झाला ते जगाला माहीत आहे. आजोबा पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि ही गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगितली, न चुकता, सालांसकट. "बघ, त्यांनी नाही म्हटलं म्हणून तो बडोद्याला आला ने," असं म्हणून थांबले.

लेक उठून बसली. रडून डोळे सुजलेले, आवाज बसलेला. म्हणाली, "आजोबा, पण तुम्हीच सांगता ना दर वेळी, की ते मुद्दाम घोड्यावर बसायच्या परीक्षेला गेले नाहीत. त्यांना जायचंच नव्हतं. मला जायचं होतं."

आजोबांना उत्तर सुचलं नाही. मी दारात उभी होते, मलाही नाही.

संध्याकाळी ते परत तिच्या खोलीत गेले. मी चहा घेऊन मागून गेले म्हणून ऐकलं. म्हणत होते, "चुकलं माझं. मलाही एकदा पुण्याला शिकायला जायचं होतं. नाही जमलं. अजून स्टेशनवर पुण्याकडे जाणारी गाडी लागली की मी डबे बघत उभा राहतो." एवढंच. पुढे काय झालं, कसं सगळं छान झालं, नोकरी, लग्न, हे काही नाही. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, मी हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, सासूबाईंनीही नव्हतं. आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा लेकीने कुणालातरी उलटा प्रश्न विचारला. म्हणाली, "काय शिकायचं होतं तुम्हाला?"

बडोद्यात अशा गोष्टींची कमी नाही. आमच्या नात्यातल्या एकांनी तिला बाबासाहेबांचं सांगायचा घाट घातला होता, सप्टेंबर १९१७, परदेशात शिकून इथे नोकरीला आलेला एवढा मोठा माणूस, जातीमुळे गावात राहायला जागा मिळेना, पारशांच्या धर्मशाळेतून बाहेर काढलं आणि कमाटीबागेत झाडाखाली बसावं लागलं. मी त्यांना हात जोडून थांबवलं. ते दुःख या दुःखाशेजारी ठेवायचं नसतं. ज्याला माणूस म्हणून दार बंद केलं त्याची गोष्ट, एका अ‍ॅडमिशनसाठी रडणाऱ्या मुलीला गप्प करायला वापरायची म्हणजे त्या गोष्टीचाही अपमान आणि या मुलीचाही. तिने ती गोष्ट वाचावी, जरूर वाचावी, त्या झाडाच्या जागी आम्ही तिला नेलेलंही आहे, पण स्वतःचं रडू खोटं ठरवायला नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री मी म्हटलं, चल, चक्कर मारू. स्कूटर काढली. हे काही ठरवून केलं नव्हतं, घरात कोंडल्यासारखं झालं होतं म्हणून, पण नंतर जवळजवळ महिनाभर आम्ही रोज रात्री निघायचो, सूरसागरला वळसा घालून न्यायमंदिर, मांडवी, मग परत फिरून काळा घोडा, फतेहगंज, कधी सेव उसळ खायची, कधी नुसतंच फिरून यायचं. स्कूटरवर बोलणं सोपं जातं, कारण कुणाला कुणाचा चेहरा बघावा लागत नाही. मी पुढे बघून चालवतेय, ती मागे, वारा, हॉर्न, अर्धं ऐकू येत नाही, मग ती तेच परत मोठ्याने बोलते, आणि दुसऱ्यांदा बोलताना कधीकधी खरं निघतं.

तिथे मी विचारलं, "नक्की काय गेलं गं?" मला वाटलं ती म्हणेल डिग्री, नाव, प्लेसमेंट. ती म्हणाली, सायकल. तिने तिथल्या मुलामुलींचे व्हिडिओ बघून ठरवलं होतं की पहिल्या महिन्यात जुनी सायकल घ्यायची आणि तिला पिवळा रंग द्यायचा. हॉस्टेलच्या खिडकीत कुंडी ठेवायची. तिथे तिला कुणी ओळखणार नव्हतं, म्हणजे शाळेत ती लाजाळू होती हे कुणाला माहीत असणार नव्हतं, तिथे ती पहिल्या दिवशीच स्वतःहून बोलायला जाणार होती. केस कापणार होती. हे सगळं ती दोन वर्षं मनात जगत होती, तिथल्या लायब्ररीत कुठल्या बाजूला बसायचं तेसुद्धा ठरलेलं. आणि आम्ही सगळे तिला दुसरं कॉलेज दाखवत होतो. अहो, तिच्यातली एक मुलगी गेली होती, पिवळ्या सायकलवरची, आणि तिचं सुतकही कुणी पाळायला तयार नव्हतं.

आता माझं सांगते, कारण ते टाळून पुढे गेले तर हे लिहिण्यात अर्थ नाही. रिझल्टच्या दुपारी बाबा तिसरं पान वाचत होते तेव्हा माझ्या छातीतून एक श्वास सुटला आणि तो सुटकेचा होता. पोर घरी राहणार. अठरा वर्षांची होत आलेली, एकुलती एक, रात्रभराच्या ट्रेनवर जाणार होती, ती आता नाही जाणार. क्षणभरच, मग लगेच तिचं तोंड बघून जीव तुटला, पण तो क्षण होता. आणि दुसऱ्या दिवशी समजूत घालताना मी बोलून गेले, "बरं आहे ने, आमच्याजवळ राहशील, घरचं जेवशील." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी काय ते समजले.

आठवडाभराने काळ्या घोड्यापाशी सिग्नलला थांबलो होतो तेव्हा मी म्हटलं, "तुझं झालं नाही तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं, तू जाणार नाहीस म्हणून. सॉरी." मागून काही आवाज नाही. सिग्नल सुटला, फतेहगंज आलं तेव्हा म्हणाली, "माहितीये मला." आणि थोड्या वेळाने, "पण सांगितलंस ते बरं केलंस." मला वाटतं त्या दिवसापासून तिने माझं बोलणं परत ऐकायला सुरुवात केली. मुलांना आपला खोटा धीर ऐकू येतो, आपण कितीही गोड आवाजात दिला तरी.

मार्कांनी नापास होणं आणि अशा ठिकाणी नाकारलं जाणं यात फरक आहे, तोही मला हळूहळू कळला. तिने लेखी परीक्षा पास केली होती. दुसऱ्या फेरीत तिथे नेऊन तार, कागद, माती असलं काहीतरी देऊन वस्तू बनवायला सांगतात, मग मुलाखत. म्हणजे पंधरा मिनिटं तुमच्याशी बोलून, तुमच्या हातचं बघून, मग नाही म्हणतात. कारण सांगत नाहीत. तर तिचं डोकं कारण शोधत बसलं. तिने तारेची चिमणी केली होती, चोच करताना तार तुटली, मग जोड दिला, तो जोड दिसत होता. आवडता डिझायनर कोण विचारल्यावर ती अडखळली. बहुतेक तो जोड. नाही, ते अडखळणंच. मी तीन-चार वेळा ही चिमणी पहिल्यापासून ऐकली आणि 'आता विसर ते' असं म्हणायचं टाळलं, ते फार अवघड गेलं मला. एकदा फक्त म्हटलं की सीट मोजक्या असतात, दारात उभी असलेली मुलं कितीतरी पट, त्यात तुझ्यासारखीच चांगली चिमणी करून परत आलेली खूप असणार, त्यांच्या तर तारेत जोडही नसेल. ती म्हणाली, "हं." पाचव्यांदा चिमणी आली नाही.

व्यवहाराचं थोडं. आम्ही एका कागदावर फक्त तारखा लिहून फ्रीजला लावल्या, कुठला फॉर्म कधीपर्यंत, फी कधी, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट कधी. तारीख असलेलं काम तेवढं करायचं, बाकी पंधरा दिवस कुठलाही मोठा निर्णय नाही, ड्रॉप घ्यायचा की नाही हेसुद्धा नाही, कारण जखम ओली असताना घेतलेला ड्रॉप म्हणजे वर्षभर त्याच दारावर डोकं आपटणं होऊ शकतं. नातेवाइकांचे फोन मी आणि बाबांनी घ्यायचे, तिला फोन द्यायचा नाही. आणि त्या कॉलेजला नावं ठेवायची नाहीत. एकदा बाबा रागात बोलले, "काय एवढं सोनं लागलंय त्यांना", तर ती उलट चिडली, तिचं प्रेम होतं त्या जागेवर, आपल्या माणसाला नावं ठेवल्यासारखं वाटलं तिला.

पहिला आठवडा मी रात्री उठून तिच्या खोलीत डोकावायचे, झोपलीये ना म्हणून. जेवण, झोप, आंघोळ, मैत्रिणींचे मेसेज, ही चार ठिकाणं बघत राहायची. तुमच्याकडे दोन आठवडे होऊनही पोर खात नसेल, झोपत नसेल, किंवा 'मी नसते तर बरं' असलं काही एकदाही बोललं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस म्हणून २०२२ पासून सेवा आहे, १४४१६ नंबर, चोवीस तास, फुकट, मुलांना बोलता येतं आणि आईबापांनाही. 'मरावंसं वाटतं का' असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात भलतं येईल ही भीती सोडा, विचारलेलं बरं असतं. मी विचारलं होतं. स्कूटरवरच. ती म्हणाली, "नाही गं आई, तसं नाही." आणि मला घट्ट धरलं.

शेवटी तिने इथेच फाइन आर्ट्सला घेतलं. टेस्ट दिली, झाली. आणि इथे मला एक गोष्ट फार जाणवली. सयाजीराव युनिव्हर्सिटीची ही फॅकल्टी १९५० ची, तिच्यासाठी लोक कुठून कुठून बडोद्याला आले, चित्रकारच बघा ना, बेंद्रे इंदूरचे, सुब्रमण्यन केरळातले, शांतिनिकेतनात शिकलेले, भूपेन खख्खर मुंबईहून आले १९६२ साली, चार्टर्ड अकाउंटंट झाल्यावर. आजही देशभरातली मुलं बॅगा घेऊन इथे उतरतात, एखादीला इथे मिळालं नाही म्हणून ती तिच्या गावात भिंतीकडे तोंड करून पडली असेल. आणि आमच्या लेकीला ते घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. शाळेतून ट्रिप गेलेली, फाइन आर्ट्सच्या मेळ्याला दर वेळी गेलेली, वॉचमन ओळखतो. स्वप्न बघायला जरा लांबची जागा लागते. घराजवळ पिवळ्या सायकलची गरजच पडत नाही ना.

म्हणून मी तिला कधी म्हटलं नाही की बघ, हेच तुझ्यासाठी चांगलं होतं. ती जाते, तिला आवडायलाही लागलंय, मातीकामाच्या तासानंतर नखांत माती घेऊन येते आणि दोन-दोन तास बोलते. पण ते कॉलेज अजून पहिलंच आहे तिच्या मनात, हे दुसरं. असू दे. आम्ही हॉस्टेलच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून तिने इथेच एक खोली मागितली, तीन मैत्रिणींबरोबर, फतेहगंजला. आजीला पटलं नाही, मला रडू आलं, पण आम्ही हो म्हटलं. आठवड्यातले पाच दिवस ती तिकडे असते. केसही कापलेत.

तिच्या क्लासमधल्या एका मैत्रिणीचं मात्र त्या कॉलेजात झालं होतं. जुलैमध्ये ती निघायची होती. मला वाटलं लेक भेटायला जाणार नाही, नाही गेली तरी मी काही बोलणार नव्हते. ती गेली. दुपारभर तिची ट्रंक भरायला मदत केली, गादीला दोरी कशी बांधायची ते दाखवलं, आणि स्वतःची ती चांगली स्टीलची पट्टी आणि कटर, जे तिने दोन वर्षांपूर्वी 'कॉलेजसाठी' म्हणून घेऊन पिशवीतच ठेवले होते, ते तिला देऊन टाकले. मी रात्री नऊला घ्यायला गेले. पाऊस नुकताच थांबला होता. मागे बसली, "चल," म्हणाली, आणि दांडिया बाजाराच्या तोंडाशी येईपर्यंत माझा खांदा ओला झाला होता. घराकडे वळायचा इंडिकेटर मी दिला होता. तो बंद केला आणि सूरसागरला अजून एक चक्कर घेतली, मग अजून एक.